ओट्याजवळचा खर्ज : ग्वाल्हेरच्या एका स्वयंपाकघरासाठी स्पीकर निवडताना

पार्श्वभूमी

हे घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं. जुना वाडा, मधे चौक, पुढे बैठकीची खोली आणि मागे स्वयंपाकघर. भिंती दगडी, दीड-दोन फूट जाड. घरात तीन माणसं: काकू, त्यांचा मुलगा आणि सून. काकूंचं वय ७१. ओळख पटू नये म्हणून नावं दिलेली नाहीत आणि किरकोळ तपशील बदलले आहेत. मी शहरातल्या छोट्या मैफली आणि गणेशोत्सवातले कार्यक्रम यांची ध्वनिव्यवस्था बघतो. या घराशी माझा जुना घरोबा आहे, त्यामुळे या प्रकरणात मी शेवटपर्यंत होतो आणि त्यातली एक चूक माझीही आहे.

काकू माधव संगीत महाविद्यालयात शिकलेल्या. संगीतज्ञ भातखंड्यांच्या मार्गदर्शनाखाली आणि ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांच्या आश्रयाने १९१८ मध्ये सुरू झालेली ही संस्था आजही लष्करातल्या कितीतरी मराठी घरांना जोडून आहे. काकू पुढे मैफलीत गायल्या नाहीत. पण पहाटे साडेपाचला ओट्याशी उभ्या राहिल्या की साडेनऊपर्यंत त्यांचं स्वयंपाकघर गाण्याने भरलेलं असायचं. फडताळावर एक ट्रान्झिस्टर होता. चाळीस वर्षं तो आणि त्याच्याआधी त्याच जागी दुसरा.

अडचण

ट्रान्झिस्टर बंद पडला. दुरुस्त करणाऱ्याने भाग मिळत नाही म्हणून परत दिला. मग फोन आला, स्टीलच्या वाटीत उभा करून ठेवलेला. वाटीत आवाज मोठा होतो खरा, पण वाटीचा स्वतःचा खणखणीत स्वर त्यात मिसळतो. तार सप्तकात गायक गेला की काकू हात पुसून फोन बाहेर काढायच्या. शिवाय मधेच कुणाचा तरी फोन येई आणि विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल तिथेच तुटे. कणकेच्या हाताने पडदा सरकत नाही, हळदीच्या हाताने सरकवला तर पडदा पिवळा होतो.

दोन-तीन महिन्यांत काकूंनी गाणं लावणंच सोडून दिलं. सुनेच्या हे आधी लक्षात आलं नाही. एका सकाळी कुकरच्या शिट्टीशिवाय काहीच ऐकू येत नाही, हे जाणवलं तेव्हा तिने मला फोन केला. ती म्हणाली, "दादा, आईंनी गाणं लावणं बंद केलंय. विचारलं तर म्हणतात, काही अडत नाही."

मला ते वाक्य लागलं. म्हणूनच पुढचं सगळं घाईत झालं.

पहिली खरेदी

मुलाने आणि मी बाडा या इथल्या मुख्य बाजारपेठेजवळच्या एका दुकानात जाऊन आवाजी सूचनेवर चालणारा छोटा गोल स्पीकर आणला. दुकानात त्यावर एक नवं चित्रपटगीत लावून दाखवलं. ठेका दमदार वाटला, किंमतही परवडणारी. आम्ही दोघं खूश होऊन घरी आलो. काकूंना विचारलं नव्हतं, कारण भेट द्यायची होती.

घरी तीन गोष्टी एकामागून एक समोर आल्या.

पहिली, वायफाय. राउटर बैठकीत होता. तिथून स्वयंपाकघरापर्यंत दोन दगडी भिंती. फोनवर एक रेघ दिसायची, म्हणजे जोडणी होती, पण दर चार-पाच मिनिटांनी आवाज थांबून पुन्हा सुरू व्हायचा. सुनेने मायक्रोवेव्हमध्ये दूध गरम करायला ठेवलं की पूर्णच बंद. याचं कारण सोपं आहे. मायक्रोवेव्ह २.४५ गिगाहर्ट्झवर चालतो आणि स्पीकर ज्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडलेला होता त्याच पट्ट्यात ती कंप्रता येते. मूळचीच क्षीण झालेली लहर त्या गोंगाटात बुडून जाते.

दुसरी, भाषा. स्पीकरला हिंदी आणि इंग्रजी कळत होती, मराठी नाही. काकूंनी गायक पलुसकरांचा राग श्री लावायला सांगितला, तर त्याने कृष्णाचं भजन लावलं. 'ळ' असलेला कुठलाही शब्द त्याच्या पल्ल्याबाहेरचा. सून म्हणाली, "आई, हिंदीत सांगून बघा ना, तुम्हाला तर छान येतं." काकूंचं उत्तर मी विसरणार नाही: "अगं, दाराबाहेर पडलं की दिवसभर हिंदीच तर बोलते. ओट्याशी तरी मला मराठी बोलू दे." ग्वाल्हेरात वाढलेल्या मराठी माणसाला त्यातलं दुखणं समजावून सांगावं लागत नाही.

तिसरी गोष्ट मला आधीच कळायला हवी होती: आवाज. काकूंनी पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाल्या, "तानपुऱ्याचा खर्ज कुठे गेला?"

त्या प्रश्नाचं तांत्रिक उत्तर असं. पुरुष गायकाचा षड्ज, म्हणजे सा, काळी एकला (पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला) धरला तर तो सुमारे १३९ हर्ट्झ. तानपुऱ्याच्या जोडाच्या तारा त्याच स्वराला, मंद्र पंचम सुमारे १०४ आणि खर्जाची, म्हणजे सर्वांत खालच्या सा ची तार षड्जाच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास. स्पीकरच्या आत थरथरणाऱ्या चार-साडेचार सेंटिमीटरच्या पडद्याला ६९ हर्ट्झ पुरेशा जोरात वाजवता येत नाही. स्वर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी चौपट हवा ढकलावी लागते, आणि इवल्या पडद्याची धाव तेवढी नसते. कान बऱ्यापैकी सांभाळून घेतो. खर्जाचे वरचे स्वरांश ऐकू आले की मेंदू खालचा मूळ स्वर भरून काढतो. पण आयुष्यभर तानपुऱ्याशेजारी बसलेल्या माणसाला भरून काढलेला खर्ज आणि खरा खर्ज यातला फरक कळतो. तबल्याच्या बायाचंही, म्हणजे डाव्या हाताच्या खोल आवाजाच्या वाद्याचंही, तेच झालं. घुमारा आणि मींड जाऊन नुसती टपटप उरली.

दुकानात ठेका दमदार वाटला होता त्याचं कारणही यातच आहे. चित्रपटगीताच्या ठेक्याचा बराच भाग शंभर हर्ट्झच्या वरही ऐकू येतो आणि छोटे स्पीकर नेमका तोच भाग फुगवतात. आम्ही आम्हाला हव्या असलेल्या गाण्यावर पारख केली. काकूंच्या गाण्यावर केली नाही.

पर्याय

तो स्पीकर सुनेच्या खोलीत गेला. या वेळी काकूंना घेऊन बसलो. आधी स्पीकरचं नाव काढायचं नाही, सकाळ कशी जाते ते सांगायचं, असं ठरवलं. त्यातून चार गोष्टी निघाल्या. हात लावल्याशिवाय गाणं सुरू व्हायला हवं. फोन जवळ नको. एक्झॉस्ट पंखा चालू असताना गायकाचे शब्द कळायला हवेत. आणि सकाळी संध्याकाळचा राग लागता कामा नये. ही शेवटची अट काकूंनी दोनदा सांगितली. गाणी सुचवणाऱ्या ॲपने त्यांना एकदा सकाळी सात वाजता यमन ऐकवला होता.

पहिला पर्याय कारवानसारखा, आधीच गाणी भरलेला. सारेगामाने तो २०१७ मध्ये आणला, त्यात पाच हजार हिंदी गाणी होती आणि पुढे मराठी गाण्यांचाही निघाला. इंटरनेट लागत नाही, बटणं मोठी, चालवायला सोपा. अनेक घरांसाठी हेच उत्तर बरोबर आहे, आणि चित्रपटगीतं किंवा भावगीतं हवी असती तर मी इथेच थांबलो असतो. पण काकूंना हवे होते ख्याल, शिवाय आकाशवाणीची 'रागम' वाहिनी. २६ जानेवारी २०१६ पासून चोवीस तास शास्त्रीय संगीत देणारी ही वाहिनी. जोडीला, जमलं तर मुंबईची अस्मिता वाहिनी. ग्वाल्हेरात बसून मुंबईचा मराठी रेडिओ ऐकायचा तर आज इंटरनेट हाच भरवशाचा मार्ग.

दुसरा, बॅटरीवर चालणारा ब्लूटूथ स्पीकर. याच्या बाजूने बरंच होतं. वीज गेली तरी चालतो. 'आयपीएक्स ७' दर्जाचा घेतला तर एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडूनही टिकतो, मग फोडणीच्या वाफेचं काय घेऊन बसलात. त्याच किमतीत खर्जही जास्त मिळतो. पण त्याला गाणं पुरवणारा फोन आसपासच हवा. फोन आला की व्यत्यय आला, आणि मूळ दुखणं तिथेच राहिलं.

मुलाने मधला मार्ग सुचवला: जुना फोन मोबाइल डेटावर ठेवून कायमचा फडताळात बंद करायचा. हिशेब जमत होता. सेकंदाला ३२० किलोबिटच्या प्रवाहाला तासाला सुमारे १४४ एमबी लागतात, चार तासांना ६०० एमबीच्या आतच. पण तो फोन रोज चार्ज कोण करणार आणि ॲप अडकलं तर बघणार कोण? मुलगा सकाळी आठला बाहेर पडतो. हा पर्याय सोडला, आणि मला अजूनही वाटतं ते बरोबर केलं.

तिसरा, थोडा मोठा वायफाय स्पीकर: साधारण साडेसात सेंटिमीटरचा मुख्य पडदा, वर उंच स्वरांसाठी छोटा वेगळा पडदा, जोडीला ब्लूटूथ. वायफाय स्पीकर गाणं स्वतःच इंटरनेटवरून घेतो. फोन फक्त सुरुवातीच्या मांडणीला लागतो. अडचण दोन ठिकाणी: भिंती आणि भाषा. भिंतींचा प्रश्न पैशाने सुटणारा होता. भाषेचा कसा सोडवायचा ते तेव्हा माहीत नव्हतं.

घरातली चाचणी

या वेळी दुकानात निर्णय घ्यायचा नाही, हे पक्कं. एका ओळखीच्या दुकानदाराने दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारातला एकेक स्पीकर दोन दिवसांसाठी घरी दिला. राउटर तात्पुरता चौकात आणून ठेवला.

पहिल्यांदा नुसता तानपुरा लावला, काळी एक. काकू डोळे मिटून ओट्याशी उभ्या. दोन्ही स्पीकरांत खर्ज पहिल्यापेक्षा बरा होता. ब्लूटूथवाल्यात जास्त, पण एकसुरी घूं असा; वायफायवाल्यात कमी, पण चारही तारा वेगळ्या कळत होत्या. मग जुनी ध्वनिमुद्रणं लावली. ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरच्या, तीन-साडेतीन मिनिटांत अख्खा राग उभा करणाऱ्या. इथे मला शिकायला मिळालं. त्या काळच्या मुद्रणात अगदी खालचे स्वर मुळातच फारसे उतरलेले नाहीत. सगळा जीव मधल्या पट्टीत, गायकाच्या गळ्यात आहे. तिथे ब्लूटूथ स्पीकरचा फुगवलेला तळ गळ्यावर बसत होता. वायफायवाला गळा मोकळा ठेवत होता. काकूंचं सकाळचं निम्मं गाणं जुनं आहे. ही माहिती कुठल्याही कागदावर मिळाली नसती.

मग पंखा लावला, मिक्सर लावला. मिक्सरपुढे दोन्ही हरले, आणि ते ठीकच आहे. चटणी दोन मिनिटांत वाटून होते.

निर्णय

तिसरा पर्याय घेतला. किंमत आठ हजारांच्या आसपास. भाषेचं काय, हा प्रश्न सुनेने सोडवला. ती म्हणाली, "पण आईंनी बोलायचंच कशाला? ट्रान्झिस्टरशी कुठे बोलायच्या?" या स्पीकरांना वेळ नेमून देता येते. ठरल्या वेळी ठरलेली यादी किंवा वाहिनी आपोआप सुरू होते. आम्ही दोघं इतके दिवस तो काय ऐकतो यात अडकलो होतो. तिने एका वाक्यात त्याला पुन्हा रेडिओ केलं.

मग माइकचं बटण कायमचं बंद केलं. माइक बंद असला तरी नेमलेल्या वेळा चालू राहतात, हे आठवडाभर तपासून घेतलं. स्वयंपाकघरात कुणी ऐकत बसलेलं काकूंना नकोच होतं. आवाज कमी-जास्त करायला आणि थांबवायला स्पीकरच्या माथ्यावर स्पर्श पुरतो, मनगटाने टेकलं तरी चालतं.

बसवणी

भिंतीतून वायफाय नेण्याचा नाद सोडला. बैठकीतून चौकाच्या कडेने नेटवर्कची तार ओढून दुसरा छोटा राउटर चौकात, पन्हाळीखाली कोरड्या जागी लावला. स्वयंपाकघराची खिडकी चौकात उघडते, त्यामुळे मधे दगड उरला नाही. स्पीकर ५ गिगाहर्ट्झवर जोडला. हा पट्टा भिंतीतून कमी जातो, पण खिडकीतून सरळ येणाऱ्या लहरीला ती अडचण नाही, आणि मायक्रोवेव्हशी त्याचा संबंधच उरत नाही. तार, राउटर आणि मजुरी मिळून दोन हजार. दोन्ही राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले, कारण उन्हाळ्यात वीज पाच मिनिटं गेली तरी राउटर पुन्हा उभा राहीपर्यंत गाणं जातंच.

माझी चूक इथे झाली. जागा मोकळी म्हणून स्पीकर मी फ्रिजवर, कोपऱ्यात ठेवला. दोन भिंती आणि वर छत जवळ आले की खालचे स्वर वाढतात. मला तर तेच हवं होतं. पण वाढले ते सगळे सारखे नाहीत. एक-दोन स्वर नुसते गुंजायला लागले आणि फ्रिजचा पत्रा त्यांच्याबरोबर थरथरू लागला. शिवाय ओट्यापासून अंतर तीन मीटर. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने उतरतो, म्हणून काकू आवाज वाढवायच्या, मग टाइल्स आणि भांड्यांवरून आदळून शब्द आणखी पुसट व्हायचे. आठवडाभर काकू मला काही बोलल्या नाहीत. मीच भेटायला गेलो तेव्हा म्हणाल्या, "चांगलं आहे रे, पण गवई विहिरीत उभा राहून गातोय."

त्याच दिवशी स्पीकर ट्रान्झिस्टरच्या जुन्या फडताळावर आणला. ओट्याच्या डावीकडे, शेगडीपासून लांबच्या टोकाला, काकूंच्या कानापासून हाताच्या अंतरावर. खालचे स्वर दोन अंशांनी कमी केले. आवाज पूर्वीच्या निम्म्यावर ठेवूनही शब्द न् शब्द कळू लागला. चाळीस वर्षं ज्या माणसाने ज्या जागी रेडिओ ठेवला, त्या जागेला कारण असणार हे मी आधी विचारायला हवं होतं.

कापडी जाळीवर तेलकट वाफ बसू नये म्हणून काकूंनी मलमलीची पातळ टोपी शिवली. उंच स्वरांत फरक पडतो का ते मी कान लावून ऐकलं, जाणवण्यासारखा नाही. टोपी रविवारी धुतात.

परिणाम

पावणेसहाला रागम लागते. सातपासून काकूंची स्वतःची यादी. ती त्यांनी वहीत लिहून दिली, वारांप्रमाणे सात पानं: भैरव, ललत, तोडी, देसकार, बिलावल, पुढे भैरवी. सुनेने दोन रविवार बसून ती ॲपमध्ये भरली. काही मुद्रणं मिळाली नाहीत, तिथे काकूंनी पर्याय दिला किंवा जागा मोकळी ठेवली.

पहिल्याच आठवड्यात मोठ्या ख्यालानंतर, द्रुत म्हणजे जलद भाग सुरू होण्याआधी, जाहिरात वाजली. तेव्हा पैसे भरून वर्गणी घेतली. मग नवीनच घोळ. मुलगा गाडीत बसून गाणं लावायचा आणि घरी काकूंची भैरवी मधेच बंद पडायची, कारण एका खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं चालतं. हा उलगडा व्हायला चार दिवस लागले, तोवर सगळे वायफायला दोष देत होते. कुटुंबाची वर्गणी घेतल्यावर तो प्रश्न मिटला.

एक उणीव राहिली. इंटरनेटवरून आकाशवाणी जरा उशिरा पोचते. बातम्यांआधीचे वेळेचे ठोके या घरात एफएमपेक्षा अर्ध्या मिनिटाने मागे पडतात. काकू त्या ठोक्यांवर भिंतीवरचं घड्याळ लावायच्या. आता ते काम मुलाच्या फोनवर होतं.

डिसेंबर २०२४ मध्ये तानसेन समारोहाचं, म्हणजे ग्वाल्हेरच्या शास्त्रीय संगीत महोत्सवाचं, शंभरावं वर्ष होतं. काकूंना गुडघ्यांमुळे रात्रीच्या थंडीत जाणं जमत नाही. सुनेने थेट प्रक्षेपण फोनवर लावून आवाज ब्लूटूथने त्याच स्पीकरवर घेतला. चित्र आणि आवाज यात किंचित अंतर पडत होतं. काकू फोनकडे पाठ करून बसल्या आणि भाजी निवडत ऐकत राहिल्या. ब्लूटूथची सोय खरेदीच्या वेळी आम्ही जवळजवळ बिनकामाची धरली होती.

पुन्हा करायचं झालं तर

तार आधी ओढेन, स्पीकर नंतर आणेन. पहिला स्पीकर अडखळला तेव्हा आम्ही तो दोष त्याच्यावर टाकला. त्याचा आवाज अपुरा होता, पण अडखळणं दगडी भिंतींचं होतं. चांगल्या जोडणीवर तो आज सुनेच्या खोलीत नीट चालतो.

भेट म्हणून गुपचूप आणणार नाही. काकूंचा पहिला अर्धा तास मिळाला असता तर एक खरेदी वाचली असती.

बॅटरीचा प्रश्न मात्र मी अजून सोडवलेला नाही. हा स्पीकर थेट विजेवर आहे आणि स्वयंपाकघराचा तो बोर्ड इन्व्हर्टरवर नाही. मे महिन्यात पहाटे वीज गेली की राउटर चालू आणि स्पीकर बंद, असं होणार. त्या बोर्डापर्यंत इन्व्हर्टरची लाइन ओढायला भिंत फोडावी लागेल, आणि काकू म्हणतात, दिवाळीच्या रंगकामापर्यंत थांब. तोवर वीज गेली की त्या स्वतः गातात. सून म्हणते, त्या दिवशी पोळ्या उशिरा होतात.